शकुंतलाबाईंचा अनुस्वार

परवा मी सांभाळते त्या वाचनालयातला जुना कॉम्प्युटर कितीतरी वर्षांनी सुरू केला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. त्या वासाबरोबर होटगीच्या शकुंतलाबाई आठवल्या. त्या शाळेत शिकवायच्या. चाळिशीत दृष्टी गेली आणि नोकरीवर गदा आली. त्यांचे सगळे अर्ज मीच लिहून द्यायचे.

त्यांना स्वतः लिहिता यावं म्हणून मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं, की हा कॉम्प्युटर बंदच पडायचा. खटपटीच्या चौथ्या दुपारी एक जुनं, हलकं व्हर्जन चाललं. पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा! मी खट्टू झाले.

"लई बोबडं बोलतंय की!" बाई हसल्या. मग मी शिकवलेल्या कळा चाचपत त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं.

"शकुतला," कॉम्प्युटर बोलला.

"थांबा, अनुस्वार ऱ्हायला," म्हणत त्यांनी तो दिला आणि पुन्हा ऐकलं. "शकुंतला." बाईंचा चेहरा उजळला.

तेव्हा मला फक्त तो आवाज खटकत होता. आज कळतं, किती महिन्यांनी त्यांना स्वतःची चूक स्वतःच सापडली होती. पुढच्याच आठवड्यात नोकरीसाठीचा अर्ज त्यांनी एकटीनं लिहिला, आणि तपासायलासुद्धा मला दिला नाही.