मुहूर्तावर टोचलेले उंदीर

गंगापूर रोडवरच्या एका फार्मसी कॉलेजात मी पीएच.डी. करत होते, तेव्हा आमच्या सरांनी व्हॅस्क्युलायटिसवर औषध शोधून काढलं. या आजारात शरीर आपल्याच रक्तवाहिन्यांवर उठतं. औषध म्हणजे निफाडच्या द्राक्षांच्या बियांचा अर्क. जगातला कुठलाही रोग द्राक्षावाचून बरा होऊ शकतो, हे सरांना मुळात मान्यच नव्हतं.

हाच आजार माझ्या ताईला होता. पायांवर जांभळे चट्टे, मूत्रपिंडं सुजलेली आणि स्टेरॉइडने भोपळ्यासारखा फुगलेला चेहरा. ती मला सारखी विचारायची, "तुझे उंदीर काय म्हणतात?"

उंदरांना आधी आजारी पाडावं लागतं. त्यासाठी प्रतिपिंडं टोचायची, म्हणजे त्यांच्या रक्तवाहिन्या सुजतात. उष्णतेने ती निकामी होतात, म्हणून त्यांच्या बाटल्या बर्फात ठेवायच्या आणि काढल्या की लगेच टोचायचं, एवढी साधी गोष्ट. पण सरांनी पहिल्या इंजेक्शनला अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला आणि संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं. बर्फाचा डबा फोटोत बरा दिसेना, म्हणून बाटल्या चांदीच्या तबकात मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि तबक खिडकीशी ठेवलं. अध्यक्ष तिकडे पिंपळगावला कुणाच्या तरी कोल्ड स्टोरेजचं उद्घाटन करत बसले होते. इकडे बाटल्या दुपारपर्यंत उन्हात तापत राहिल्या.

"सर, हे बाद झालं. नवीन मागवू," मी म्हटलं.

"आणि मुहूर्त कुठून मागवायचा?" सर म्हणाले.

अध्यक्ष एकदाचे आले आणि त्यांनी उंदराला कुंकू लावायचाही हट्ट धरला. उंदीर चावला. त्या दिवशी त्या खोलीत अक्कल शाबूत असलेला तो एकटाच होता.

औषध दिलेले उंदीर ठणठणीत राहिले. न दिलेलेही राहिले, कारण आजारी कुणी पडलंच नव्हतं. मी हे सांगितलं, तर "न दिलेल्यांचं काय घेऊन बसलीस," म्हणत सरांनी मला उडवून लावलं. मग पेपरात त्यांचा फोटो आला आणि संस्थेने शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला.

ताईने तो फोटो कापून उशीखाली ठेवला. स्टेरॉइडच्या गोळ्या बंद करते आणि बियांची पूड सुरू करते, म्हणाली. मी जीव तोडून समजावलं, संतापले, रडले. पण फोटोत सर कोट घालून होते आणि मी पडले धाकटी बहीण. शेवटी ती म्हणाली, "मला त्यांच्याकडेच घेऊन चल. ते म्हणतील तसं करते."

सरांच्या केबिनमध्ये ताईने साडी घोट्याच्या वर घेतली आणि चट्टे दाखवले. ज्या आजाराबद्दल या माणसाने शाल पांघरली होती, तो त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे गेली.

"कसले हो हे डाग?" सरांनी नाकाला रुमाल लावला. "हे दुसऱ्याला होत नाही ना?"

ताईने साडी खाली सोडली. ती जिना उतरून खाली आली. मग म्हणाली, "कोपऱ्यावर मेडिकल आहे ना? माझ्या गोळ्या संपत आल्यात."