फोनातला बाप

आमच्या नातवाचा बाप फोनात राहायचा. मुलगा पुण्याकडे कंपनीत लागला तेव्हा पोर जेमतेम पालथं पडायला शिकलं होतं. तिकडे एका खोलीत पाच जण, ड्युटी कधी दिवसाची कधी रात्रीची; बायको-पोराला नेणार कुठे? मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. सून ताट वाढायची, फोन तांब्याला टेकवून उभा करायची आणि पोराला म्हणायची, "पप्पाले घास दे." पोर वरणभाताचा घास काचेवर लावायचं. तिकडे मुलगा आ करून खोटंखोटं चावायचा. घरात हशा पिकायचा आणि काच पुसायचं काम माझ्याकडे यायचं.

हे कौतुक बघायला डोणगावातली आमची अर्धी गल्ली येऊन गेली. पोरगं बापाला कसं ओळखतं, हे आमची बायको ज्याला त्याला सांगायची. मला मात्र ते खटकायचं. जन्मभर मी पहिलीचा वर्ग शिकवला. माझ्या वर्गातल्या पोरांनी शेळी आधी हाकललेली असायची, तिची ढुशी खाल्लेली असायची, मग पुस्तकात ती दिसली की बाकावर उड्या. ह्याला बाप आधी चित्रातच भेटला होता. मी तसं बोलूनही दाखवलं, पण घरच्या मास्तराला घरात फळ्याइतकीही किंमत नसते.

वर्षभराने मुलाला आठवडाभराची सुट्टी मिळाली. सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरून तो आला, दारातच बॅग टाकून त्याने हात पुढे केले. पोर किंचाळून आईच्या पदरात शिरलं. नवा माणूस आहे, संध्याकाळपर्यंत रुळेल, असं सगळ्यांनी समजावलं. मुलगाही हसला. दिवसभर तो खेळणी घेऊन पोराच्या मागे फिरला आणि पोर दिवसभर त्याच्यापासून लांब पळालं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. मुलगा मुद्दाम पोरासमोर मांडी घालून बसला. सुनेने सवयीने म्हटलं, "पप्पाले घास दे." पोराने मुठीत भात घेतला. मुलाने आ केला. पोर त्याच्या गुडघ्याला वळसा घालून पुढे गेलं, चार्जिंगला लावलेल्या फोनपाशी पोचलं आणि काळ्या काचेवर त्याने भात लावला. "पप्पा," म्हणालं.

मुलाचा आ तसाच राहिला. कुणी हसलं नाही. जेवण तसंच टाकून तो अंगणात गेला आणि तिथून त्याने घरात व्हिडिओ कॉल लावला. पोर आनंदाने नाचायला लागलं. मुलगा बोलत बोलत आत आला, पोराच्या शेजारी येऊन बसला, तरी पोराची नजर काचेवरून हलेना. शेवटी त्याने कॉल बंद केला तेव्हा पोराने भोकाड पसरलं.

"ह्याले मी नको, बा," मुलगा मला म्हणाला. "ह्याले तो पाह्यजे."

स्वतःच्याच चित्राचा हेवा करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझाच मुलगा होता. मला फार वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. पण रागवायचं कुणावर? मी त्याला म्हटलं, "त्याले तू अजून भेटलाच नाही, आता भेट." सुनेला सांगून घरातले सगळे फोन कपाटात टाकले. बायको कुरकुरली. ह्या वेळी मी मास्तरकी सोडली नाही.

मग मुलगा पोराला आंघोळ घालू लागला. तळहात खरबरीत म्हणून पोर रडायचं, तरी घालायचा. खांद्यावर बसवून स्टँडपर्यंत न्यायचा, शेजारच्या गोठ्यात वासराकडून हात चाटवून घ्यायला न्यायचा. दुपारी त्याच्याजवळच निजायचा. पोर आधी त्याच्या मिशीला हात लावून बघू लागलं, मग ती ओढू लागलं. सुट्टी संपत आली त्या दिवशी ते अंगणात पडलं, गुडघा फुटला आणि जवळ उभ्या आईला ओलांडून ते धावत बापाकडे गेलं. सून पदराने डोळे पुसत आत गेली. मला वाटलं, जिंकलो.

मुलगा पोर झोपेत असतानाच गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. सुनेने तो नेहमीसारखा तांब्याला टेकवला. मुलगा काचेतून हाका मारू लागला. पोर हसलं नाही. त्याने दोन्ही हातांनी फोन उचलला, उलटा केला आणि मागे पाहिलं. कव्हर नखाने ओढून आत पाहिलं. मग फोन तसाच पालथा टाकून ते दाराशी गेलं आणि रस्त्याकडे बघून रडायला लागलं.

जमिनीवरून मुलाचा आवाज येत होता. "काऊन रडून राह्यला तो? मले काहीच दिसत नाही."

सून जागची हलली नाही. मीच फोन उचलला.

"तो तुले शोधून राह्यला," मी म्हटलं.