बिलावरचं नाव

भर दुपारी बॅटरी कशाला लागते, असा प्रश्न मी एकदा एका जाणत्या माणसाला विचारला होता, तोही कमरेवर हात ठेवून. साठी नुकतीच ओलांडली होती. अक्कल यायला अजून अवकाश होता. ठाण्याच्या एका प्रदर्शनात फिरून, फुकटचा चहा पिऊन मी पिशवीभर पत्रकं घेऊन टिटवाळ्याला परतले, ती सौरऊर्जेतली तज्ज्ञ होऊनच. आता तज्ज्ञाला गिऱ्हाईक हवं. ते भिंतीपलीकडेच होतं. काकू.

शेजारच्या बैठ्या घरात काकू एकट्या राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या. नातवंडं असलेल्या मला 'पोरी' म्हणणारी जगात ही एकच बाई उरली होती, त्यामुळे मी त्यांचं सगळं ऐकून घेई. मानत नसे, ती गोष्ट वेगळी.

नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. काका जाऊन बरीच वर्षं झाली, तरी विजेचं बिल त्यांच्याच नावावर यायचं. बिल वाटणारा फाटकाशी "दत्तात्रय साने!" अशी खणखणीत हाक मारी आणि काकू पदर सावरत, "आहेत, आहेत, द्या इकडे," म्हणत बाहेर येत. बिल आधी देवापाशी जाई. मी चेष्टेने विचारायचे, काकांनी पत्रात काय लिहिलंय?

"काय लिहिणार? पैसे मागतायत. जिवंतपणीही तेच."

मग छातीच्या दुखण्याने त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागलं. आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही. घरातला इन्व्हर्टर पंख्या-दिव्यापुरता. मशीन लावलं की थोड्याच वेळात मान टाकायचा. मी म्हटलं, सोलर बसवा, सरकार सबसिडी देतंय. लाइट गेली तरी सूर्य कुठे जातोय? कल्याणहून आलेल्या बसवणाऱ्याने सांगितलं की सबसिडी पॅनलला आहे, बॅटरीला नाही, आणि बॅटरी चांगलीच महाग पडेल. तेव्हाच मी तो कमरेवरच्या हातांचा प्रश्न विचारला. तो काही समजावू लागला. मी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

आणखी एक अट होती. बिल अर्जदाराच्या नावावर हवं. म्हणजे काकांचं नाव काढायचं. काकू तेव्हा पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. "ह्यांनी काय घोडं मारलंय सरकारचं?" मी लाडीगोडी लावली, शेवटी श्वास मोठा की नाव, असं दरडावलंसुद्धा. त्यांनी मुकाट्याने सही केली. सबसिडी आली. नंतर फाटकाशी "इंदुमती साने!" अशी हाक आली, तेव्हा काकू जागच्या हलल्या नाहीत. बिल मीच आणून दिलं. देवापाशी मात्र ते गेलं नाही.

वैशाखातल्या एका दुपारी लाइट गेली, आणि थोड्या वेळाने इन्व्हर्टरनेही मान टाकली. छपरावर ऊन नुसतं ओतत होतं, पॅनल आरशासारखी चमकत होती, आणि खाली मशीन मुकं. बसवणाऱ्याला फोन लावला.

"मावशी, लाइनची वीज गेली की बॅटरीशिवाय सोलरही बंद पडतं. तारेवर चढलेल्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. तुम्हाला तेव्हा तेच सांगत होतो."

अडीअडचणीला ठेवलेला छोटा सिलिंडर लावला. त्याचा काटा खाली सरकत होता आणि मी त्या प्रदर्शनातल्याच एका गुळगुळीत पत्रकाने काकूंना वारा घालत होते. त्यावर हसरा सूर्य छापलेला होता. मला करण्याजोगं तेवढंच उरलं होतं. लाइट आली तेव्हा काटा तळाला टेकायचाच बाकी होता.

बॅटरीचं बघू, बघू म्हणता म्हणता दिवाळीआधी काकू गेल्या. ठाण्याच्या भाच्याने घर विकलं. नव्या माणसांनी बॅटरी बसवली. लाइट गेली तरी त्यांच्याकडे टीव्ही चालू असतो. परवा बिलवाल्याने फाटकाशी त्या नव्या माणसांचं नाव पुकारलं. मी माझ्या पायरीवर बसून ऐकलं. अडवणारी मी कोण लागून गेले?

वैशाखातल्या त्या दुपारी लाइट येऊन मशीन पुन्हा घुरघुरायला लागल्यावर, नाकाशी नळी नीट करता करता मी माफी मागत होते. काकूंनी माझं मनगट धरलं आणि दम खात खात म्हणाल्या,

"लाइटचं सोड गं. मी गेले की बिलावरचं माझं नाव तेवढं काढू देऊ नकोस, पोरी. फाटकाशी येऊन हाक मारणारं कोणीतरी असू दे."