तूप बंद करणारे लॅबकाका

लॅबकाका कुणाकडेही खायला बसले की पहिलं भजं तोंडात टाकण्याआधी नाकाशी नेत. मग ते बोटांनी दाबून, बोटांवर आलेलं तेल ट्यूबलाइटकडे धरून बघत. घरची बाई झारा हातात घेऊन ताटकळत उभी असायची. काका शांतपणे सांगत, "वहिनी, हा तेलाचा डबा उन्हात उभा होता." मी सात वर्षांची असताना त्यांनी हे आमच्या घरी केलं, तेव्हा मला एवढा धक्का बसला की मी हातातलं भजं बशीत परत ठेवलं. जे वाढलंय त्याला नावं ठेवायची नाहीत, असं शाळेत सिस्टर बजावायच्या. आई मात्र चिडली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच डबा घेऊन दुकानात गेली, आणि तिथले तेलाचे डबे खरोखरच उन्हात ठेवलेले होते.

भोपाळच्या बरखेड्यात आमचं क्वार्टर होतं आणि काका-काकू वरच्या मजल्यावर राहत. सगळ्यांचे वडील एकाच सरकारी कारखान्यात, त्यामुळे सकाळच्या भोंग्याला सगळ्या दारांतून एकदम सायकली बाहेर पडत. ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायच्या तेलाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काका होते, म्हणून आम्हा मुलांचे ते लॅबकाका. मूळचे अकोल्याचे. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ते फक्त पोस्टमन वाचायचा.

"आधी सॅम्पल, मग मत," हे त्यांचं वाक्य. पाऊस पडेल का, नवा सेक्रेटरी कसा आहे, मंडळाच्या गणपतीला कुठला मूर्तिकार बरा, कशालाही हेच उत्तर. जवाहर चौकातल्या दुकानदाराला त्यांनी एकदा झाकण उघडायला लावून अर्धा तास उभं ठेवलं होतं. तो शेवटी म्हणाला, "साहब, तेल ले रहे हो या रिश्ता देख रहे हो?" काका अजिबात न हसता म्हणाले, "भैया, रिश्ता तो फिर भी निभ जाता है." घरी येऊन त्यांनी हा प्रसंग काकूंना सांगितला. काकू म्हणाल्या, "निभवतंय कोण, ते नाही विचारलं त्याने?"

मी सहावीत असताना बाबांना पहिला अटॅक आला. टाउनशिपच्या हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरांनी तूप-लोणी-साय बंद करायला सांगितलं. आई घाबरून गेली होती. तूप नाही तर काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी काका वनस्पती तुपाचा एक डबा आणि लॅबच्या टाइपरायटरवर टाइप केलेला एक कागद घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं की कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असतं, झाडात नसतं. म्हणून साजूक तूप बंद, वनस्पती चालेल. काकांनी स्वतः खळ लावून तो कागद आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. महिन्याभरात तसे कागद वीस-पंचवीस घरांत लागले. वरच्या मजल्यावर तर सर्वांत आधी लागला होता, कारण काकूंचं कोलेस्टेरॉल तेव्हाच वाढलेलं निघालं होतं आणि काकूंना काही होणार या कल्पनेने काका आतून हादरले होते. त्यांच्या ताटातला प्रत्येक चमचा ते स्वतः मोजत.

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. मी बारावीत असताना दुसरा अटॅक आला आणि या वेळी हॉस्पिटलपर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नाही. काका तेरा दिवस आमच्या व्हरांड्यात बसून होते. आल्यागेल्याला पाणी देत राहिले.

मी कॉलेजात आहारशास्त्र घेतलं ते बाबांमुळे, असं सगळे म्हणायचे. मी कुणाला होही म्हटलं नाही आणि नाहीही. दुसऱ्या वर्षी एका दुपारी मॅडमनी फळ्यावर चरबीचे प्रकार लिहिले. तेलातून हायड्रोजन सोडून ते घट्ट केलं की त्यात ट्रान्स फॅट तयार होतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, म्हणजे हृदयाला दोन्हीकडून मारतं, असं त्या म्हणाल्या. साजूक तूपही फार झालं तर वाईटच, पण त्याच्या जागी वनस्पती आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. माझ्या शेजारची मुलगी भराभर उतरवून घेत होती. माझं पेन थांबलं होतं. मला आमच्या कपाटाचं दार दिसत होतं.

मी घरी काही बोलले नाही. आठ दिवस जिन्यावरून जाताना वरच्या घरातल्या फोडणीचा वास यायचा आणि मी पायऱ्या मोजत खाली उतरायचे. काकांना सांगायचं म्हणजे त्यांना बाबांबद्दलही सांगायचं. न सांगायचं म्हणजे काकूंना रोज तेच खाऊ द्यायचं. नवव्या दिवशी मी नोट्सची झेरॉक्स काढली, पेन्सिलने एका परिच्छेदाला खूण केली आणि वर गेले. तोंडाने सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "हे मला का देतेस, अनू?"

"काकूंसाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझे बाबा?"

तेवढ्यात काकू शंकरपाळ्यांची बशी घेऊन आल्या. "खा गं, आजच केलेत. तूप नाही हं एक थेंब, यांच्या राज्यात तूप आणलं तर तडीपारी." मी एक शंकरपाळा खाल्ला. काका म्हणाले, "हायड्रोजन सोडून घट्ट करतात हे मला माहीत होतं गं. केमिस्ट्री शिकलोय मी. पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, एवढंच नाही विचारलं." मग ते उठून आत गेले आणि परत बाहेर आले नाहीत.

पुढचे चार दिवस सकाळी भोंगा व्हायचा आणि काकांची सायकल जिन्याखालीच असायची. त्यांनी एकोणतीस वर्षांत कधी घेतली नव्हती एवढी रजा टाकली होती. मला वाटलं, मी त्यांचं काहीतरी कायमचं मोडलं. पाचव्या दिवशी भाजीवालीकडे सावंतकाकू भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुमच्या लॅबकाकांना झालंय काय? काल आमच्याकडे आले, कपाट उघडायला लावलं, सुरीने खरवडून कागद काढला आणि म्हणाले, माझं चुकलं, वनस्पती बंद करा. मी म्हटलं, अहो भाऊजी, मी तो लावला होता, वाचला कुठे होता!" शेजारच्या मिश्राजींनी तर त्यांना चहा पाजून सांगितलं होतं, "अरे साहब, हमने घी छोड़ा ही कब था!"

मी तिथेच उभी राहिले. बाबा एकदा सांगत होते ते मला आठवलं. काकांच्या लॅबमधून चुकीचा रिपोर्ट बाहेर गेला, तर तो फोनवर रद्द होत नसे. ज्याने सही केली त्याने पायी जाऊन कारखान्यातल्या प्रत्येक शॉपमधून, म्हणजे खात्यातून, आपली प्रत परत आणायची, आणि समोरच्याला कारण सांगायचं. कारखान्यातही बहुतेक लोक हे काम चपराशाकडून करून घेत. मोठी माणसं चुकतात हे मला माहीत होतं. पण मोठं माणूस असं दारोदार जाऊन बेल वाजवतं, हे मी पाहिलं नव्हतं. शाळेतही नाही, घरीही नाही.

आमच्याकडे ते सर्वांत शेवटी आले. संध्याकाळ होती, आई कणीक मळत होती. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत यायला पाय उचलत नव्हता.

"वहिनी, तो कागद न्यायला आलोय. त्यात जे लिहिलंय ते चूक आहे. मी तुमच्या घरात विष..."

आईचे हात परातीत थांबले. ती म्हणाली, "तो कागद मी नेऊ देणार नाही, भाऊजी."

मला वाटलं, आता ती त्यांना बोलणार. सगळ्या सहा वर्षांचं बोलणार. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण आईने कणकेच्या हातानेच कपाटाचं दार उघडलं आणि खालच्या फळीवरच्या बरण्यांमागून एक लहान पितळी भांडं बाहेर काढलं. आत साजूक तूप होतं.

"हे इथेच असायचं," ती म्हणाली. "तुमच्या कागदामागे. भाजीला वनस्पती वापरायचे, तुम्ही सांगितलं तसं. पण कोरडा वरणभात त्यांच्या पुढ्यात ठेवायला माझा हात धजायचा नाही. भाताखाली चमचाभर घालायचे, वरून दिसू नये म्हणून. रोज. ते जाऊन दोन वर्षं झाली, आणि मी रोज मनात म्हणतेय की मीच मारलं त्यांना."

तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. एका घरात, एका ओट्याशी आम्ही दोघी दोन वर्षं उभ्या होतो. ती तिचं भांडं लपवत होती आणि आता काही दिवस मी माझ्या वह्या. कानांत फक्त वरच्या घरातल्या नळाचा आवाज येत होता.

काका खुर्चीवर बसले. मग आईने माझ्याकडे पाहिलं. "तू शिकतेस ना हे? मग सांग. त्यांच्या कागदाने की माझ्या तुपाने?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. परीक्षेत उत्तर येत नसलं की मी काहीतरी लिहून पान भरायचे. त्या दिवशी ते करता आलं नाही. मी म्हटलं, "माहीत नाही, आई. आजोबाही त्याच वयात गेले होते. बाबांची सिगरेट होती, नाइट शिफ्ट होती. वनस्पतीने बरं नक्कीच झालं नसणार. रोजच्या तुपानेही नाही. पण एका चमच्याकडे बोट दाखवून यानेच, असं कुणालाच सांगता येणार नाही."

काकांनी मान हलवली. "आमच्याकडेही कधीकधी असा रिपोर्ट द्यावा लागतो, वहिनी. निष्कर्ष काढता येत नाही. द्यायला सर्वांत जड तोच." आई रडली. बाबा गेल्यापासून मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. काका उठले नाहीत, सांत्वन केलं नाही, नुसते बसून राहिले. ती थांबल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं.

"तुझ्या बाबांसाठी नाही निघत," ते मला म्हणाले. "पण तुझ्या काकूसाठी निष्कर्ष निघतो ना? वर ती भाजी चिरून माझी वाट बघतेय. आज फोडणीला काय घालू?"

साठीला आलेला माणूस पेन उघडून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सांगितलं: घट्ट होणारं काहीच नको, शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं पातळ तेल, दोघांत महिन्याला एक किलोच्या आत, तूप वर्ज्य नाही, पण सणाला, तेही चहाच्या चमच्याने, तळणात एकदा वापरलेलं तेल परत कढईत नाही. त्यांनी शब्दन् शब्द उतरवला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सही कर. उद्या चुकलं तर परत न्यायला तू यायचंस." मी सही केली. ती सही माझी वाटतच नव्हती.

वर्षभरात काकूंचं कोलेस्टेरॉल उतरलं. "उतरणारच," काकू म्हणाल्या, "जेवणातली चवच उतरवलीय तुम्ही दोघांनी." त्यानंतर काका रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं आणि दोघं अकोल्याला गेली. मी आता इथेच एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. काका महिन्यातून एकदा फोन करायचे. गल्लीतले लोक त्यांना नारळाचं तेल, ऑलिव्हचं तेल, काय काय विचारत. "मी मत देत नाही," ते सांगायचे. "भोपाळला विचारून कळवतो म्हणतो."

गेल्या महिन्यात त्यांच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे काकू होत्या. काका सकाळी पेपर वाचता वाचता गेले. त्रास झाला नाही, त्या म्हणाल्या. फोन कानाला लावून मी वॉर्डच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

काकूंनीच मग पुढे विचारलं. "अनू, तेराव्याला चाळीस माणसांचं तळण आहे. आचारी विचारतोय, वनस्पतीचा डबा आणू का. यांनी मागेच सांगून ठेवलंय, माझ्या तेराव्याचं तेल अनूला विचारल्याशिवाय आणायचं नाही. बोल, काय सांगू त्याला?"

"शेंगदाण्याचं सांगा," मी म्हटलं. "आणि काकू, झाकण उघडून वास घेऊन मगच घ्यायला सांगा."