सूर्य आणि सुईचं छिद्र

पाच मे. माळ्यावरचे डबे भंगारात काढायला बसले आणि आतून काळा रंगवलेला बिस्किटांचा एक डबा हाती लागला. लेक नववीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही त्याला सुईने भोक पाडून पिनहोल कॅमेरा केला होता. संत तुकाराम नगरातल्या आमच्या गच्चीवरून सकाळच्या उन्हात समोरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो घेतला, बाथरूममध्ये लाल दिवा लावून कागद धुतला, आणि पाहतो तर उजेड लागला की काळा पडणाऱ्या त्या कागदावर टाकीच्या जागी नुसता काळा भपका, त्यातून फुटलेल्या लांब रेघा. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि फोटोचा कागद एकच उरलेला. "डबा गळतोय, आई. मी नाव काढून घेते," लेक रडवेली झाली. मी डब्याला काळी टेप गुंडाळत बसले. संध्याकाळी शेजारचे भाऊ आले, माझ्याच कंपनीत टूलरूमला असलेले. त्यांनी छिद्र भिंगाखाली धरलं. "ताई, डबा गळत असता तर कागदाच्या कडा काळ्या पडल्या असत्या. सूर्य समोर होता, अन् छिद्राला बर राहिलीय. आमचे पार्ट एवढ्यासाठी परत पाठवता, घरचा पास केला व्हय?" मी तपासणी खात्यातली, ती बर, म्हणजे छिद्राच्या काठाची पत्र्याची कुसळं, बोटाला लागली आणि हसूच फुटलं. लेकही हसली. त्या रात्री आम्ही दोघी गाढ झोपलो. सकाळी मी पॉलिश पेपरने काठ घासला, बाथरूमच्या अंधारात शेवटचा कागद लावला, गच्चीवर सूर्याकडे पाठ करून फोटो घेतला, आणि शेजारच्या बिल्डिंगच्या खिडक्यांचे गजसुद्धा दिसणारा फोटो तिच्या हातात देऊन सेकंड शिफ्टला निघाले.