आबांच्या तळ्यातले जिताडे

तीन आठवड्यांपूर्वी शाळेत निघायच्या घाईत असताना आबांच्या सुनेचा फोन आला. “बाय, आबा गेलं.” मी चपला काढल्या आणि पुन्हा खुर्चीत बसले. घणसोली गावात आबांच्या घराच्या माळ्यावर मी नऊ वर्षं भाडेकरू होते. शाळेत विज्ञान शिकवते म्हणून गावात मला मान होता, थोडा जास्तच.

गावाबाहेरचं तळं आबा राखायचे. त्यात चिलापी मासळी वाढायची, आणि खाडीतून आणून सोडलेले सहा-सात जिताडे. जिताडा चांगला हातभर वाढतो आणि बाकीच्या माशांवर जगतो. गावदेवीच्या जत्रेआधी तळ्यात जाळं ओढायचं आणि प्रत्येक घराला वाटा द्यायचा, ही गावची रीत.

एकदा ओट्यावर बसून मी आबांना वहीत अन्नसाखळी काढून दाखवली. सगळ्यात वर जिताडा. म्हटलं, “हा नुसता खातो, आबा. काढून टाका, प्रत्येकाचा वाटा वाढेल.” फार विद्वान होते मी तेव्हा. आबांनी वही मिटून परत दिली. “माझ्या बापानं ठेवलं, म्हनून मी पन ठेवतो,” एवढंच म्हणाले. पण शिकलेल्या माणसावर त्यांचा भारी विश्वास. त्या वर्षी त्यांनी एकूण एक जिताडा काढला.

पुढच्या जत्रेला जाळं जड लागलं, तशी पोरं खूश झाली. वर आल्या त्या बोटाएवढ्या चिलाप्या, डोकं मोठं आणि अंग काटकुळं. खाणारा उरला नाही म्हणून पिल्लंच पिल्लं झाली, आणि त्यांच्यात पोटभर खाणं कुणालाच मिळालं नाही. बायका टोपल्या घेऊन काठावर उभ्या होत्या. “आबा, ह्यो काय झाला?” कुणीतरी विचारलं. “चुकला माझा,” आबा म्हणाले. मी चार पावलांवर होते. मी खाली वाकून चिलाप्या टोपलीत भरू लागले.

संध्याकाळी माफी मागायला गेले, तर त्यांनी चहा पुढे केला. “मोठा हाय तवर बारक्यांना आवर हाय, बाय. पोरांना आता ह्ये पन शिकव.” मी शिकवते. दरवर्षी फळ्यावर जिताडा काढते. हे कुणाच्या चुकीमुळे कळलं, ते मात्र सांगत नाही... लाज वाटते, दुसरं काय.

बाराव्याला गावात गेले. जेवणं उरकल्यावर ओट्यावरच्या जुन्या मंडळींना एकदाचं सांगून टाकलं, ते जिताडे माझ्या सांगण्यावरून निघाले होते. कुणी दचकलं नाही. आबांचे चुलतभाऊ पानाला चुना लावत म्हणाले, “आमाला ठाव हाय. आबानं तवाच दम भरला व्हता, बायला कोनी काय बोलायचा नाय. आपल्या पोरांना शिकवते ती.”

त्या जत्रेनंतर मी सहा वर्षं गावात राहिले. आबांनी जिताडे पुन्हा सोडले होते. दरवर्षी जाळं निघालं की पहिला वाटा माळ्यावर माझ्याकडे यायचा, आणि तो घेऊन येणारं माणूस दर वेळी वेगळ्या घरचं असायचं.