बायकोच्या नावाचं जनावर

साठचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो, आणि नर्मदाकाठी सापडलेली एक दाढ सहा महिने माझ्या उशाशी होती. आमच्या धंद्यात अख्खं जनावर कुणाला मिळत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची आणि वर त्या भाताचं बारसंही उरकायचं.

दाढ मोठ्या म्हशीच्या जबड्यातल्या अगदी शेवटच्या दाढेसारखी, तीन कप्प्यांची, पण इवलीशी. म्हणजे नामशेष रानम्हशीची नवी, बुटकी जात! मी तिला बायकोचं नाव दिलं, लॅटिन शेपूट लावून. बायकोने ते माहेरी मुलुंडभर केलं. मला आजवर ‘दगडवाले’ म्हणणाऱ्या सासऱ्यांनी चक्क पेढे वाटले. लेखाचं पाकीट सोमवारी टपालात पडायचं होतं.

रविवारी आम्ही दोघं आरे कॉलनीत फिरायला गेलो. गोठ्यात एक गवळी रेडकाला औषध पाजत होता. उघडा जबडा दिसल्यावर मला कुठलं राहवतंय! वाकून पाहिलं, तर खालच्या रांगेत सगळ्यात मागे माझीच दाढ. तेच तीन कप्पे, तेवढीच इवली.

“ही शेवटची ना?” मी विचारलं.

“दुधाची हाय ती, साहेब. मागनं मोठ्या येतात, मग ही पडते.”

वाट लागली. नवी जात कसली, ते जुन्याच रानम्हशीचं पिल्लू होतं. ती म्हैस कुणा गोऱ्या साहेबाच्या नावावर कधीच नोंदलेली, आणि आमच्यात पहिलं नाव तेच खरं. मोठ्या जनावरांच्या दाढा मी वर्षानुवर्षं मोजल्या, पण पिल्लाच्या तोंडात कधी डोकावलो नव्हतो. मला रडायचंच काय ते बाकी होतं.

बसस्टॉपवर बायकोला सगळं सांगितलं. गवळ्याशिवाय कुणाला कळतंय, टाकावं का पाकीट, असंही बोलून गेलो.

“मुळीच टाकायचं नाही,” ती म्हणाली. “बाबांना मी सांगते.”

“पण तुझं नाव...”

“अहो, एवढ्याशावरून फसायची ही काय पहिली खेप आहे तुमची? मला बघायला आलात, तेव्हा बशीभर पोह्यांवरून मी सुगरण ठरले होते ना?”

“मग? झकास होते की!”

“आईने केले होते.”

लग्नाला चार वर्षं झाली होती. तसे पोहे घरात पुन्हा झाले नव्हते, आणि मी दोष वाण्याला देत होतो.